चौघांत वाटलेलं औषध

९ जानेवारी

ताई,

पैलवान सुखरूप पोचला. गाडीत त्याचा गुडघा आपटून सुजला, पण हे आईला कळवायचं नाही असं त्यानं मला बजावलंय. तेव्हा मी कळवलेलं नाही असं समज. रक्त गोठायचं इंजेक्शन दिलं, बर्फ लावला, आणि पलंगावर बसवून ठेवलाय. तिथं बसल्या बसल्या तो माझी पुस्तकं विषयवार लावतोय आणि मला टोमणे मारतोय. ज्याला जन्मात कोणी झाडावर चढू दिलं नाही त्याला आपण पैलवान म्हणायला लागलो, त्याचा सूड तो आता जिभेनं उगवतो.

फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर वॉर्डात चार माणसांसमोर देता येईना, म्हणून लिहितो. या चाचणीत निम्म्या पेशंटना खरं औषध मिळणार आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी कॅप्सूल, आत नुसतं पीठ. दोन वर्षांनी बघायचं, कोण टिकलं. कोणाला काय मिळतंय हे पेशंटला ठाऊक नसतं आणि आम्हालाही नसतं. डबे नंबर घालून बाहेरून येतात. मॅडमच्या कपाटात एक सीलबंद पाकीट असतं, ते अगदी गळ्याशी आलं तरच उघडायचं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. या पेशंटना दवाखान्यात कोणी पलंग द्यायला तयार नव्हतं तेव्हा त्यांनी भांडून हा वॉर्ड मिळवला. पैलवानाला त्या तपासतील, मी नाही. नात्यातल्या माणसाचा हात लागला की आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

तू म्हणालीस, मामा डॉक्टर असून भाच्याला खरं औषध देऊ शकत नसेल तर त्याचा काय उपयोग. ताई, काही उपयोग नाही. पण चाचणीबाहेर ते औषध कुठंच मिळत नाही. चाचणीत निदान अर्धी आशा आहे. बाहेर तीही नाही.

आणि रात्रंदिवस स्वतःच्या रक्ताला दोष देऊ नकोस. रक्त न गोठण्याचा तो दोष आईकडून तुझ्यामार्फत त्याला आला, तसा सरळ मलाही येऊ शकला असता. आला नाही यात माझी कसली कर्तबगारी? आणि हा दुसरा आजार तर तू दिलेलाच नाहीस. ज्या इंजेक्शनांमुळं त्याला शाळेत जाता आलं त्यांतूनच तो आला. ती इंजेक्शनं आणायला तू किती लांब जायचीस ते मी बघितलंय.

तुझा धाकटा


२ मार्च

ताई,

वजन वाढलंय. अंडी खातो, दूध पितो, आणि माझ्या हातच्या स्वयंपाकाबद्दल जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. थोडा खोकला आहे. तोंडात एक-दोन चट्टे आहेत, त्याचं काही नाही.

त्याला इथं दोस्त मिळालेत. आमचा वॉर्ड मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीवर आहे. जिन्याखाली औषधाची खिडकी आणि तिच्यासमोर एक लांब बाक. तपासणीच्या दिवशी चौघं त्या बाकावर ठाण मांडतात. आपला पैलवान, एक ट्रक ड्रायव्हर, गणिताचे एक म्हातारे मास्तर आणि एक शिंपीणबाई. बाईंचा नवरा मागच्या वर्षी आमच्याच वॉर्डात गेला, जाताना बायकोला आजार देऊन गेला. त्यांची सहा वर्षांची मुलगी धडधाकट आहे, ती बाकाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करते. ड्रायव्हर एवढा आडदांड की तो बसला की बाकाचं दुसरं टोक उचललं जातं. पैलवान त्याला म्हणतो, काका, खरा पैलवान तुम्ही, मी नुसता नावाचा.

वॉर्डातला शिपाई अजून जेवणाचं ताट दारातून पायानं आत ढकलतो. परवा पैलवानानं उठून त्याला नमस्कार केला आणि म्हणाला, पाय दुखले असतील, बसा. शिपाई ओशाळला. दुसऱ्या दिवशी ताट हातानं आलं, पण दारापर्यंतच.

माझ्या लग्नाचं विचारलंस. मुलीचे वडील येऊन गेले. मी कुठल्या वॉर्डात काम करतो ते कळल्यावर त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि उठताना दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. पैलवान अजून त्यांची नक्कल करतो. तेव्हा तो विषय मिटला.

काळजी करू नकोस असं लिहिणार होतो. पण तू करणारच.

तुझा धाकटा


१८ मे

ताई,

हे पत्र वाचून फाडून टाक. भावोजींनाही दाखवू नकोस.

मंगळवारी शिंपीणबाई तपासणीला आल्या नाहीत. ताप असेल म्हणून मी दुपारी त्यांच्या खोलीवर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. शिलाई मशीनवर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर चार डबे उघडे, आणि पैलवान सगळ्या कॅप्सूल एकत्र करून त्यांचे चार सारखे ढीग लावत होता. ड्रायव्हर आणि मास्तर शेजारी बसले होते, बाई अंथरुणावर. मला बघून कोणी दचकलं नाही. मास्तरांनी फक्त चष्मा काढून हातात धरला.

"मामा, बस," पैलवान म्हणाला. "चौघांपैकी दोघांकडे तरी खरं असणारच. सगळं एकत्र करून वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मं येतं. कोणी अगदीच कोरडं राहत नाही."

हिशेब त्याचाच होता आणि मास्तरांनी तो तपासून दिला होता. पहिल्या महिन्यापासून हे असं चाललंय.

मी समजावायला बसलो. अर्धवट औषधानं विषाणू मरत नाही, उलट तो औषधाला सरावतो, मग पुढे पुरतं दिलं तरी त्याला काही होत नाही. शिवाय सगळेच थोडं थोडं खायला लागले तर शेवटी दोन्ही गट सारखे दिसणार. औषधात दम नाही असं ठरणार, आणि ते कायमचं बासनात जाणार. तुमच्यामागून जे येतील त्यांच्यासाठी काहीच उरणार नाही.

ड्रायव्हरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर, शेवटी म्हणजे कधी? तेव्हा आमच्यातलं कोणी असेल का?"

नळी लावून बाईंची छाती तपासली, गोळ्या लिहून दिल्या आणि उठलो.

पैलवान रस्त्यापर्यंत सोबत आला. म्हणाला, "तू इथं आलाच नव्हतास. एवढं माझ्यासाठी कर." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आम्ही एकाच बसनं घरी आलो आणि तो खिडकीबाहेर बघत बसला.

तूच सांग मी काय करू. तुझ्याशिवाय हे कोणाला विचारणार?

तुझा धाकटा


४ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकच वाक्य होतं, तू त्याचा मामा आहेस, तेवढाच राहा.

मी प्रयत्न केला. बाईंच्या खोलीवर पुन्हा दोनदा गेलो. मास्तरांना पटत होतं, पण नेमका बाईंचा ताप उतरला, मग कोण ऐकतंय? सगळ्यांना वाटलं वाटून खाल्ल्याचाच गुण आला. ड्रायव्हर तर म्हणायला लागला की वॉर्डातल्या बाकीच्यांनाही हे सांगायला हवं. ते ऐकलं आणि माझं ठरलं. चौघांचे आठ झाले, आठांचे चाळीस झाले, तर ही चाचणी मेली. या औषधामागे दुसरं औषध रांगेत उभं नाही, ताई. एवढं एकच आहे.

सोमवारी मी मॅडमना सांगितलं.

त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग विचारलं, "तुमचा भाचा यात आहे, हे लक्षात घेऊन सांगताय ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी चौघांचे डबे परत मागवले. चौघंही चाचणीतून बाहेर. पुढचे उपचार ठरवायला कोणाच्या पोटात काय गेलंय ते कळणं भाग होतं, म्हणून त्यांनी माझ्यासमोर ते पाकीट फोडलं.

पुढचं तुला सांगू नये असं फार वाटतंय. पण दुसऱ्या कोणाकडून कळलं तर ते आणखी वाईट.

चौघांत एकच डबा खरा होता. पैलवानाचा.

म्हणजे दोघांचं चौघांत असा त्याचा जो हिशेब होता तो चुकला. त्याचं एकट्याचं औषध चौघं खात होती. मी मॅडमपुढे हात जोडले, त्याच्यापुरतं तरी पुरतं औषध सुरू करा म्हणून. त्यांनी चाचणी चालवणाऱ्यांना दोनदा लिहिलं, एकदा माझ्यासमोर फोन केला. उत्तर नाही असंच आलं. त्याचं रक्त तपासायला बाहेर पाठवलंय, विषाणू औषधाला सरावलाय का ते बघायला. त्याला वेळ लागेल.

भावोजींचा फोन आला होता. मागे तुझा आवाज ऐकू येत होता. तू फोन हातात घेतला नाहीस.

तुझा भाऊ


११ सप्टेंबर

ताई,

हे तू उघडणार नाहीस हे जाणून लिहितोय.

शेवटच्या दिवसांत त्याला श्वास पुरत नव्हता. दुखणं मात्र फार नव्हतं, तेवढं मी बघितलं. जुलैपासून तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, त्याचंच मला कठीण जायचं. रागावला असता तर बरं झालं असतं. बाकीच्यांचं उलटं. मी जिना उतरलो की बाकावरचं बोलणं थांबतं. ज्या बायका मला अंगावरचे चट्टे दाखवायच्या त्या आता मॅडम कधी येणार विचारतात.

तो गेल्यावर त्याला न्हाऊ घालायला वॉर्डातलं कोणी पुढे येईना. मी आणि ड्रायव्हरनं ते केलं. ड्रायव्हरनं त्याला एकट्यानं उचललं. एवढ्या मोठ्या माणसाला मी पहिल्यांदा रडताना बघितलं.

तू आलीस तेव्हा तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला होता. या आजारानं गेलेल्या माणसाची पिशवी उघडायची नाही असा दवाखान्याचा नियम आहे. तू म्हणालीस तोंड बघायचंय, आणि मी गाठी सोडल्या. तेव्हा तू जे म्हणालीस ते कानातून जात नाही.

"त्या दिवशी नियम आठवला. आज बरा विसरलास."

मग तू त्याचे केस सारखे केलेस, पिशवी पुन्हा नीट बांधलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, माझ्या दारात येऊ नकोस. मी आलेलो नाही.

रक्ताचं उत्तर तो गेल्यावर आठवड्यानं आलं. विषाणू औषधाला पुरता सरावला होता. जूनमध्ये त्याला पूर्ण औषध मिळालं असतं तरी लागू पडलं नसतं. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहितोय असं तुला वाटेल. असेलही.

शेवटी काही बोलला का, असं तू ड्रायव्हरला विचारलंस. मला विचारलं नाहीस. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं. मला माहीत आहे, पण ते तुला सांगायचं नाही असं त्यानं सांगून ठेवलंय.

भाऊ


३० एप्रिल

ताई,

मागची पत्रं पाकिटावर तुझ्या अक्षरात 'घेतलं नाही' असं लिहून परत आली. हेही येईल.

तरी कळवतो. चाचणी मुदतीआधी थांबवली, कारण औषध काम करतंय हे उघड दिसायला लागलं. पीठ खाणारी माणसं जास्त मरत होती. आता सगळ्यांना खरं औषध मिळणार. मॅडमनी वॉर्डात ही बातमी सांगितली तेव्हा एका पेशंटनं विचारलं, म्हणजे मी इतके दिवस काय खात होतो? मॅडमनी यादीत बघून सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

मास्तर फेब्रुवारीत गेले. ड्रायव्हरला औषध लागू पडलंय, तो पुन्हा गाडी चालवायचं म्हणतो. शिंपीणबाईंना लागू पडत नाही. त्यांचा विषाणू त्या वाटणीतच शिकला असणार. ड्रायव्हरचा का शिकला नाही, मला सांगता येत नाही. एवढं शिकून सवरून हे मला सांगता येत नाही.

मला सगळे अभिनंदन म्हणतात. निबंधावर मॅडमच्या नावाखाली माझं नाव आहे.

भाऊ


१५ नोव्हेंबर

ताई,

इतक्या वर्षांनी तुझं पत्र आलं. अक्षर बघूनच ओळखलं, पण उघडायला दोन दिवस लागले. आता तू एवढं लिहिलंस तर मीही सगळं लिहितो.

तुझ्या दारात आलेल्या त्या पिकल्या केसांच्या बाई म्हणजे आमच्या शिंपीणबाईच. मी त्यांना पाठवलं नव्हतं. तुझा पत्ता त्यांनी ड्रायव्हरकडून मिळवला, तोच तेव्हा पैलवानाला गाडीतून शेवटचा तुझ्या घरी घेऊन आला होता ना. पहिलं औषध त्यांना लागू पडलं नाही, तीनदा त्या मरता मरता वाचल्या, आणि नेमकी दुसरी औषधं आली. आता तीन एकत्र देतात, विषाणूला शिकायला फट मिळत नाही. मुलीचं आता स्वतःचं शिवणाचं दुकान आहे. तू त्यांना आत बसवलंस, चहा दिलास, त्यांच्या हाताला हात लावलास, हे सगळं त्या मला सांगत होत्या आणि मी कागदात डोकं घालून बसलो होतो.

मॅडम निवृत्त झाल्या. वॉर्ड आता मी बघतो, पण वॉर्ड असा फारसा उरलेला नाही. बरेचसे पेशंट गोळ्या घेऊन घरी जातात. आता मी त्यांना साखर वाढली म्हणून, सिगारेट ओढता म्हणून रागावतो. जे तिशी गाठतील असं मी धरलं नव्हतं ते साठीत येऊन गुडघ्यांची तक्रार करतात. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही बरं असं कोणालाच केलं नाही, नुसती मरणाची सर्टिफिकेटं लिहिली. नवे डॉक्टर विचारतात, सर, तेव्हा कसं केलंत? मी विषय बदलतो. त्यातलं प्रत्येक तोंड मला आठवतं असं लोकांना वाटतं. खोटं आहे ते. बरीच विसरलो. एक आठवतं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, तशी वेळ पुन्हा आली तर मी मॅडमना सांगेन का? तुला काय ऐकायचंय ते मला समजतं आणि म्हातारपणी ते म्हणायला माझं काही जाणार नाही. पण सांगेन. त्या निकालावर पुढची सगळी औषधं उभी राहिली. त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर पैलवान वाचला नसता आणि तुझ्याकडे आलेल्या बाईही वाचल्या नसत्या. हे तुझ्यासमोर न लिहिता राहायला मला आवडलं असतं. क्षमा मागत नाही ती त्यामुळंच. मागितली तर ती खोटी होईल.

दुसरी, खरं औषध आपल्याकडेच आहे हे त्याला माहीत होतं का? बाईंनी तुला सांगितलं की नव्हतं, त्यांना तसंच वाटतं. त्यांना तसंच वाटू दे.

पाकीट फोडल्यावर आठवडाभर मी त्याला सांगितलं नव्हतं. मग एका सकाळी त्याची दाढी करून देत होतो. बोलता बोलता त्याला कापलं तर रक्त थांबायचं नाही, म्हणून वस्तरा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. खरं तुझ्याकडेच होतं. तो एकटाच डबा खरा होता.

तो म्हणाला, "माहीत होतं."

कधीपासून, म्हणून मी विचारलं.

"पहिल्याच महिन्यात. चौघांची एकेक कॅप्सूल फोडून जिभेवर ठेवली. माझी कडूजहर. बाकीच्यांचं पीठ."

मग दोघांकडे तरी असेल असं त्यांना का सांगितलंस, असं मी विचारलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी मी सोपं गणित चुकवलं की तू बघायचीस.

"माझ्या एकट्याचं आहे म्हटलं असतं तर बाईंनी घेतलं असतं का?"

मी म्हटलं, तुला जगायचं नव्हतं का रे? तो म्हणाला, फार जगायचं होतं. पण पहिल्या वाटणीनंतर ती छोटी मुलगी बाकाखालून येऊन त्याच्या मांडीवर बसली आणि त्यानंतर त्याला मागे फिरता आलं नाही. रोज वाटायचं, उद्यापासून आपलं आपण खायचं. मग मंगळवार यायचा आणि तिघं त्याची वाट बघत बसलेले असायचे. मी मॅडमना सांगितलं त्या दिवशी त्याला राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं, हेही तो म्हणाला.

शेवटी म्हणाला, "आईला हे सांगू नकोस. तिला वाटेल, मला तिच्यापेक्षा ती माणसं जवळची होती."

दाढीचा साबण तोवर वाळला होता. मी पुन्हा पाणी लावलं आणि दाढी पुरी केली.

ताई, ते गुडघ्याचं सोडलं तर तो माझ्याजवळ आयुष्यात दोनदा काही मागून गेला, आणि दोन्ही वेळा ती गोष्ट एकच होती, सांगू नकोस. पहिल्या वेळी मी मॅडमना सांगितलं. दुसऱ्या वेळचं इतकी वर्षं पाळलं, आणि आज तुला सांगितलं. पहिल्या वेळी तू मला दारात येऊ नकोस म्हणालीस. या वेळी काय म्हणायचं ते तू ठरव.

तुझा धाकटा